पाचव्या मार्गाचा उतार

१

दादा पडला त्याला आठ महिने झाले होते. त्याची सायकल मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या मशीनच्या वरच्या भिंतीला, दोन हुकांवर टांगलेली होती आणि धूळ झटकण्यापलीकडे तिला कुणी हात लावत नव्हतं. एरवी घरातलं काहीही हलवायचं झालं तर वहिनी मागेपुढे बघायची नाही. पण त्या सायकलीखाली उभी राहिली की तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

दादाची बहीण वरच्या मजल्यावर राहायची. घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि चाळिशी ओलांडली तरी ते नाव काही मोठं झालं नव्हतं. ती गावच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. म्हणजे सकाळी सातला खाली येऊन आधी दादाचे पाय हलवायचे, मग आंघोळ, मग दिवसभर इतरांचे गुडघे नि खांदे.

दादा रस्ते खात्यात ओव्हरसियर. दिवसा सरकारचे रस्ते मोजायचा आणि पहाटे स्वतःचे. गाव समुद्राला टेकलेलं, मागे डोंगर. त्या एवढ्याशा मुलखातून त्यानं सायकलीचे पाच मार्ग आखले होते आणि प्रत्येक फाट्यावर गुडघ्यावर बसून, स्वतःच्या हातानं, डांबरावर पिवळा बाण काढला होता. पहिला मार्ग बंदरापासून दीपगृहापर्यंत नि परत, सपाट, बारा किलोमीटर चारशे मीटर. दुसरा मिठागरांच्या कडेनं, तिसरा खाडीच्या पुलावरून, चौथा डोंगराच्या निम्म्यापर्यंत. आणि पाचवा म्हणजे अख्खा डोंगर. गावाच्या अंगानं चढायचं, माथ्यावरून पलीकडे समुद्राच्या अंगानं उतरायचं आणि किनारा धरून घरी यायचं. बेचाळीस किलोमीटर सहाशे मीटर.

लांबलांबचे लोक सायकली घेऊन ते मार्ग करायला यायचे आणि दादाला चढताना बघून स्वतःचं चढणं विसरायचे. चढावर माणूस सायकलीशी भांडतो, खांदे हलतात, तोंड वाकडं होतं. दादाचं तसलं काही नाही. कमरेच्या वर तो खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतोय असं वाटायचं, आणि खाली पाय असे फिरायचे की जणू डोंगरच त्यांना फिरवतोय. गावातल्या सायकलवाल्यांनी त्याला बोकड हे नाव ठेवलं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता.

पाचव्याच्या उतारावर, समुद्राकडच्या वळणावर, एका दमट सकाळी त्याचं चाक निसटलं. तो कठड्यावर आपटला. कमरेखालचं सगळं गेलं.

तर त्याला आठ महिने झाल्यावर एका दिवशी धाकटी मशीनमधून टॉवेल काढायला वाकली आणि सरळ होताना तिची नजर सायकलीच्या हँडलवर गेली. तिथला छोटा मीटर चालू होता. आजचं अंतर, बारा पूर्णांक चार.

तिनं बटण दाबून आकडा शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बारा पूर्णांक चार होता.

२

धाकटीचं डोकं अशा वेळी आधी तारा तपासतं. बंदराजवळ सायकलींचं दुकान होतं. दुकानवाल्या काकांना लहानपणापासून सगळे तेलकट काका म्हणत, कारण त्यांनी कधी कुणाच्या लग्नातही स्वच्छ हातानं अक्षता टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिनं मीटर काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"ह्याला काय झालंय काका? सायकल हुकावर नि हा आपला चालतोच आहे."

काकांनी तो उलटा केला, सुलटा केला, डोळ्याजवळ नेला. "मशीनच्या वर टांगलीय ना? मोटारीचं चुंबक असतं. गोंधळ होतो."

"रोज तेवढाच गोंधळ?"

"म्हणजे?"

"बारा पूर्णांक चार."

काकांनी कपाळाला हात लावला, तिथे तेलाचा डाग पडला. आकड्याचा अर्थ त्यांनाही कळला होता. पहिल्या मार्गाचे बाण काढताना रंगाचा डबा त्यांनीच धरला होता. त्यांनी बटण दाबून पुढचा आकडा बघितला. सरासरी वेग, तेहतीस.

"मीटर बरा आहे," ते म्हणाले. मग काही वेळानं, जरा कौतुकानंच, "पण ह्या वाऱ्यात तेहतीस म्हणजे... आपल्याकडे एकाच माणसाला जमायचं."

दुसऱ्या दिवशी धाकटी पावणेसहाला मागच्या खोलीत स्टूल घेऊन बसली. मीटर परत हँडलवर बसवला होता, मशीनचा प्लग काढून ठेवला होता. खिडकीतून फिकट उजेड आला होता, साबणाचा आणि ओल्या फरशीचा वास होता. सायकल हुकावर. चाकं स्थिर.

पाच वाजून सेहेचाळीस मिनिटांनी मीटर उजळला. शून्य पूर्णांक एक. शून्य पूर्णांक दोन.

तिनं पुढच्या चाकाची तार बोटानं धरली. तार थंड होती, जागच्या जागी होती. आकडा तिच्या बोटाला न जुमानता पुढे सरकत राहिला. वेग एकतीस, बत्तीस, चौतीस. आता बर्फाचा कारखाना आला असेल, तिच्या मनात आलं, तिथे वारा अडतो. आता वळण. वेग सव्वीसवर आला आणि लगेच चढला. ती बघत राहिली. भ्यायला हवं होतं, पण एखादा सुरेख गाणारा भिंतीपलीकडे गातोय आणि आपण उठून जाऊ शकत नाही, तसं तिचं झालं होतं. असा एकसारखा, न अडखळता वेग धरणारा माणूस तिनं जन्मात एकच पाहिला होता, आणि तो शेजारच्या खोलीत पाठीवर निजला होता.

सहा वाजून नऊ मिनिटांनी मीटर थांबला. तिनं हात वर करून सीटला लावला. सीट गरम होती.

३

मीटरमध्ये आणखी एक आकडा होता, ठोक्यांचा. तो छातीच्या पट्ट्यावरून यायचा, आणि पट्टा तर खिळ्याला लोंबत होता, कोरडा, कडक झालेला. तरी मीटरच्या खिडकीत आकडा होता. एकशे बावन्न.

"धाकटे," दारातून वहिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, आठ महिन्यांपासून रजेवर होती, आणि ह्या आठ महिन्यांत धाकटीनं तिला एकदाही रडताना किंवा चिडताना पाहिलं नव्हतं. वेळच्या वेळी कूस बदलायची, वेळच्या वेळी पुसून काढायचं, आणि ते करताना शाळेतल्या गमती सांगायच्या. आज तिचा चेहरा निराळा होता. "उद्या पावणेसहाला जरा ह्यांचा हात बघशील? गेले तीन दिवस मी मोजतेय. मला वाटतं माझंच गणित चुकतंय."

गणित चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकटीनं दादाच्या मनगटावर बोटं ठेवली तेव्हा तो गाढ झोपेत होता. श्वास संथ, तोंड जरासं उघडं, कपाळ कोरडं. आणि तिच्या तीन बोटांखाली नाडी धावत होती. एकशे बावन्न.

तिनं कारणं काढली. स्वप्नात नाडी वाढते. निजून राहिलेल्या माणसाची कधी कधी वाढते. तिनं वहिनीला ही दोन्ही कारणं सांगितली आणि वहिनीनं ती नीट ऐकून घेतली, जशी ती वर्गातल्या ढ मुलाचं उत्तर ऐकून घेत असेल.

सहा वाजून नऊ मिनिटांनी नाडी उतरायला लागली. सव्वासहाला दादानं डोळे उघडले, दोघींना उशाशी बघून म्हणाला, "काय गं, काय झालं? मेलो की काय मी?"

"झोपा हो तुम्ही," वहिनी म्हणाली.

"झोपतो. पण आधी कुणीतरी पोटऱ्या चेपा. मेल्या जाम दुखतायत."

तो हे सहज बोलून गेला. आठ महिन्यांत त्याला पोटऱ्या आहेत हे फक्त डोळ्यांनीच माहीत होतं.

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

४

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? धाकटी दर सोमवारी टेपनं दादाची पोटरी मोजायची आणि आकडा वहीत लिहायची. आठ महिने तो आकडा नुसता खाली गेला होता. आता तो चढायला लागला. कातडीखाली, हात न लावता, काहीतरी भरत होतं, घट्ट होत होतं. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली आणि दादानं शिवी दिली तेव्हा डॉक्टर खुशीत म्हणाले, नसा कधी कधी उशिरा जाग्या होतात. ते धाकटीला इतकं पटावंसं वाटलं की तिनं ते घरी येताना चार वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं.

पहिला मार्ग सहा दिवस चालला. सातव्या दिवशी मीटरवर एकोणीस उमटले. मिठागरं. पुढच्या आठवड्यात सत्तावीस, खाडीचा पूल. चौथ्या आठवड्यात एकतीस. डोंगराच्या निम्म्यापर्यंत आणि परत.

वहिनीनं आता स्टूल मागच्या खोलीत कायमचं ठेवलं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन ती तिथे बसायची, धाकटी उशाशी. मधलं दार उघडं. वहिनी वेग सांगायची, धाकटी ठोके. चौथ्या मार्गाच्या चढावर वेग तेरावर आला आणि सहा किलोमीटर तेरावरच राहिला, ना वर ना खाली, तेव्हा वहिनीच्या तोंडून हलकेच निघालं, "काय चालवतात हे." लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण ती कधी त्याच्यासोबत डोंगरात गेली नव्हती. नवरा किती सुंदर सायकल चालवतो ते तिला आत्ता, भिंतीवरच्या हुकाकडे बघून कळत होतं.

त्या दिवशी व्यायाम देताना धाकटीनं विचारलं, "दादा, सकाळी तू कुठे असतोस?"

"कुठे असणार? पलंगावर."

"स्वप्नं पडतात?"

"नाही." तो छताकडे बघत राहिला. "पण तू मागे नसतेस, एवढं कळतं. नेहमी तुझं धापा टाकणं ऐकू यायचं. आता मागे शांत असतं."

तिनं त्याचा पाय गुडघ्यात वाकवला, सरळ केला. मग ती मागच्या खोलीत गेली आणि वहिनीला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पाचवा आहे."

वहिनीनं मान हलवली. तिनं हा हिशेब केव्हाच करून ठेवला होता.

"तो उतार आहे त्यात," धाकटी म्हणाली. "ते वळण आहे. तिथे ह्याला काही झालं तर? नाडी इथे आहे वहिनी, ह्या घरात. सायकल उतरवू या. मीटर फोडून टाकू."

"आणि मग?"

"मग म्हणजे?"

"मग ते पाय परत बारीक होताना तू दर सोमवारी मोजणार?" वहिनीचा आवाज चढला नव्हता. "मला त्यांना उभं राहिलेलं बघायचंय. एकदा. मग पुढचं पुढे."

धाकटीनं सायकलीकडे बघितलं आणि हुकाकडे नेलेला हात खाली घेतला.

५

पाचव्या मार्गाच्या सकाळी ती सव्वापाचला स्वतःची सायकल काढून निघाली. किनाऱ्यानं उलट्या दिशेनं गेली आणि समुद्राच्या अंगानं डोंगर चढत त्या वळणाशी पोचली. तिथे रस्ता डावीकडे झटकन वळतो. उजव्या हाताला कमरेएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही, एकदम खाली पाणी. कठड्याचा हातभर भाग नव्या सिमेंटचा होता. अपघातानंतर दादाच्याच खात्यानं वरच्या सगळ्या वळणांवर गोल आरसे बसवले होते.

तिनं सायकल आतल्या बाजूच्या खडकाला टेकवली आणि फोन कानाला लावला. पलीकडे वहिनी होती, एका हातात दादाचं मनगट, समोर मीटर सायकलीवरून काढून उशाशी ठेवलेला.

"तेरा," वहिनी म्हणाली. "ठोके एकशे अठ्ठावन्न."

खाली समुद्र राखाडी होता आणि अगदी स्वस्थ. एक गाडी वर गेली, दूधवाल्याची. त्यानं हात केला, तिनंही केला.

"अकरा. बारा. एकशे साठ." मग बराच वेळ नुसता श्वास. "चोवीस. धाकटे, माथा आला. एकोणतीस. अडतीस."

"झोपलाय ना?"

"शांत झोपलेत. हसतायत थोडे. सेहेचाळीस."

आणि मग धाकटीला ते ऐकू आलं. पाय थांबवून सायकल नुसती उतारावर सोडली की मागच्या चाकातून जी टिकटिक येते, ती. जवळजवळची, बारीक, शिवणयंत्रासारखी. ती वरच्या वळणावरून आली, त्याच्या खालच्या वळणावरून आली. प्रत्येक वळणावर ती किंचित मंदावायची आणि नेमकी जिथे सुटायला हवी तिथे सुटायची. रस्त्यावर कुणी नव्हतं. धाकटीला रडू आलं, ते भीतीचं नव्हतं. हे उतरणं तिला पाठ होतं, इतकी वर्षं ती त्याच्या मागे उतरली होती, आणि आज ते त्याच्या सर्वांत चांगल्या दिवसापेक्षा चांगलं होतं.

शेवटचा सरळ तुकडा. टिकटिक तिच्याकडे आली. रस्त्याच्या कडेचं गवत एका रेषेत वाकत आलं.

"एक्कावन्न," फोनमध्ये वहिनी म्हणाली.

ब्रेक लागला नाही. गवत वळलं नाही. तिच्यापासून दोन हातांवरून वारा गेला, त्याला घामाचा आणि साखळीच्या तेलाचा वास होता, आणि टिकटिक सरळ कठड्यावरून पुढे गेली.

ती खाली गेली नाही. धाकटीनं कठड्याला धरून कान दिला. टिकटिक त्याच उंचीवरून पाण्यावर जात राहिली, लांब, आणखी लांब. मग ती थांबली आणि तिच्या जागी साखळीची घरघर सुरू झाली. कुणीतरी पुन्हा पाय मारायला लागलं होतं.

"वहिनी," ती म्हणाली. "वहिनी, बोला."

फोनमध्ये कापड सरकल्याचा आवाज आला.

"त्र्याहत्तर," वहिनी शेवटी म्हणाली. "ठोके त्र्याहत्तर. धाकटे, ह्यांनी पाय हलवला. चादर खाली पडलीय."

६

तीन महिन्यांत दादा काठी घेऊन चालायला लागला, चौथ्यात काठी दाराआड गेली. दवाखान्यात लोक त्याला बघायला यायचे. डॉक्टरांनी त्याच्यावर एक टिपण लिहिलं आणि त्यात धाकटीच्या व्यायामाचं भरभरून कौतुक केलं. ती ते वाचून ओशाळली, पण खोडून काढायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

दादा नुसता बरा झाला नाही, माणूस म्हणूनही चांगला झाला. पूर्वी पहाटे गायब असणारा माणूस आता आठपर्यंत झोपायचा, उठून भाजी चिरायचा, वहिनीला शाळेत सोडायला पायी जायचा. तिच्या विनोदांना हसायचा. फक्त सायकलीकडे तो असा बघायचा, की जणू कुणीतरी आपल्या घरी छत्री विसरून गेलंय.

"ती देऊन टाका कुणाला तरी," एकदा तो म्हणाला. "जागा अडते."

"आणि पाच मार्ग?" धाकटीनं विचारलं.

"कसले?" मग तिचा चेहरा बघून तो समजुतीनं म्हणाला, "हो हो, ते बाण. चांगलं काम केलं होतं कुणीतरी."

वहिनीनं त्याच्या ताटात वाढलं आणि मान वर केली नाही.

मीटर धाकटीनं वरच्या मजल्यावर, कपाटात, टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. तो थांबला नव्हता. दिवस नाही, रात्र नाही, तीसच्या आसपास वेग, एकशे चाळीसच्या आसपास ठोके. महिन्यात वीस हजार किलोमीटर. कधी ती टॉवेल उलगडून बघायची. पाण्यावर चढ नसतो, उतार नसतो, वळणं नसतात. काय बघत असेल ते? दमत नसेल? मग खाली स्वयंपाकघरात जाऊन ती काहीतरी निमित्त काढून दादाच्या मनगटाला हात लावायची. चौसष्ट. ते ठोके त्याचे नव्हते. मग कुणाचे?

तिला त्या आकड्याची भीती वाटायची आणि त्याचं कौतुकही वाटायचं, आणि ह्यातलं कुठलं जास्त ते तिला ठरवता यायचं नाही. मीटर अंतर सांगायचा, वेग सांगायचा. दिशा सांगायचा नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी पावणेसहाला दादा पाणी प्यायला उठला आणि पलंगाशेजारी कोसळला. पाच मिनिटं पाय लाकडाचे झाले होते. मग आले. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. आठवड्यानं अर्धा तास. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही.

"उसने घेतलेले पाय कुणी परत मागतंय असं वाटतं," दादा हसून म्हणाला, पण हात चादर घट्ट धरून होते.

वहिनी त्या दिवशी अपघातानंतर प्रथमच वरच्या मजल्यावर आली. धापा टाकत खुर्चीत बसली. "मीटर दाखव," म्हणाली. बघून तिनं तो पुन्हा टॉवेलात ठेवला, कडा जुळवून घडी घातली.

"धाकटे, ते परत येतंय का?"

७

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी वळणावर होती. काय करणार ते तिला माहीत नव्हतं. कठड्याला टेकून ती स्वतःची समजूत घालत होती, की दादाला नसांचा त्रास आहे, मीटर बिघडलेला आहे, आणि आपण थंडीत उभी असलेली एक मूर्ख बाई आहोत.

पावणेसहाला पाण्यावरून साखळीची घरघर आली. सुरुवातीला डासासारखी. मग जवळ. मग इतकी जवळ, की कठड्यावरचे दोन पक्षी उडाले. रस्त्याच्या मधोमध ओले थेंब पडले, आणि नव्या सिमेंटवर काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज झाला.

इथून रस्ता दोनच बाजूंना जातो. खाली घर. वर डोंगर.

पुढे दुसऱ्याचं चाक दिसलं की सायकलवाल्याला राहवत नाही. तो दमलेला असो, घाईत असो, पाठलाग करतोच. हे धाकटीनं विचार करून काढलं नाही. तिच्या पायांनी काढलं. तिनं सायकल ओढली, वर वळवली आणि पायडल मारलं.

पहिल्या पन्नास पावलांपर्यंत मागे काहीच नव्हतं. तिला वाटलं, ते खाली गेलं. मग साखळी ऐकू आली. मागे, आणि तिच्याच बाजूला.

जन्मभर ती दुसऱ्याच्या मागे चढली होती. पुढे रस्ता मोकळा असला की चढ किती मोठा दिसतो ते तिला ठाऊकच नव्हतं. चार किलोमीटर. पहिल्यात तिचा दम गेला, दुसऱ्यात मांड्या पेटल्या. मागचा श्वास मात्र संथ होता, खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा. तिनं मान वळवली नाही. माथ्यावर आली तेव्हा ती सायकलीवरून अक्षरशः पडली आणि गवतात पालथी राहिली. ऊन अंगावर आल्यावर तिनं मागे बघितलं. रस्ता रिकामा होता. फोन वाजत होता.

"सहालाच उठले," वहिनी म्हणाली. "आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आले. तू कुठे आहेस?"

हे एक दिवसाचं काम असेल असं तिला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी ती झोपून राहिली, आणि पावणेसहाला खालून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. त्यानंतर तिनं एकही सकाळ चुकवली नाही.

गावात आता तिचं नाव झालं आहे. चाळिशीतली बाई रोज उलट्या बाजूनं, समुद्राकडून डोंगर चढते, आणि काय चढते. तेलकट काकांनी तिच्या सायकलीला हलकी चाकं बसवून दिली आणि म्हणाले, "अंगात आलंय तुझ्या. बोकडाची बहीण शोभतेस." दूधवाला गाडी कडेला घेऊन थांबतो आणि ती जाईपर्यंत टोपी काढून बघत राहतो. तो तिच्यामागे काही बघत नाही. तिनं एकदा आडून विचारून खात्री करून घेतली.

काल सकाळी तिसऱ्या वळणावर ती उभी राहून पायडल मारत होती. मान वर होती, म्हणून नजर गोल आरशात गेली. तिचा तसा इरादा नव्हता. आरशात रस्ता वाकलेला दिसला, त्यावर ती स्वतः, तोंड उघडं, लाल. आणि तिच्या मागे, दहा हातांवर, एक सायकलवाला तिच्याच वेगानं वर येत होता.

मागून येणाऱ्याचं आरशात तोंड दिसायला हवं. तिला पाठ दिसली. तीच जर्सी, मणक्यावर घामाचा तोच लांबट डाग, तेच न हलणारे खांदे. ती पाठ तिनं हजारांत ओळखली असती, लहानपणापासून तिनं त्याचं दुसरं काही एवढं पाहिलंच नव्हतं. पाठ पुढे येत होती. पुढची बाजू त्याला नव्हतीच. मग वळण संपलं आणि आरसा मागे गेला.

परवा ते पंधरा हातांवर होतं. आवाजावरून तिला अंतर नेमकं कळतं.

ती घरी पोचली तेव्हा दादा दारात उभा होता. त्यानं तिच्या हातून सायकल घेतली, मागच्या खोलीत नेऊन उचलली आणि जुन्या सायकलीशेजारच्या नव्या हुकावर सहज टांगली. टाचा उंच करून, दोन्ही पायांवर भक्कम उभा राहून. धाकटी त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"उद्या रविवार," तो म्हणाला. "एक दिवस उशिरा गेलीस तर डोंगर कुठे पळून जाणार आहे?"

"नाही रे," धाकटी म्हणाली. तिनं वहिनीनं पुढे केलेलं पाणी एका दमात संपवलं. "उद्या पाच मिनिटं लवकर निघेन म्हणते."

दादा हसून भाजी चिरायला गेला. वहिनीनं रिकामा पेला घेतला, खाली ठेवला. मग कपाटावरचं गजराचं घड्याळ उचललं आणि गजराचा काटा दहा मिनिटं मागे घेतला.